जंतू मेले, तरी धाप का?

कळव्याचा माझा मामा पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून घरी आला. पायाला जखम होती. आठवड्याभरात ताप, पोटऱ्यांत ठणका, मग धाप. निदान लेप्टोचं, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचं. ठाण्यात आयसीयूच्या दाराशी मामीने मला विचारलं, "औषध लागू पडतंय म्हणतात, मग श्वास का सुधरत नाही रे?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. अँटिबायोटिक जंतू मारतं. पेटलेला दाह विझवत नाही.

फुप्फुसात तीसेक कोटी किंवा त्याहून जास्त वायुकोश असतात. त्यांतली हवा आणि बाहेरून वाहणारं रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ. म्हणून ऑक्सिजन सहज आत जातो, आणि म्हणूनच हा पडदा चटकन फाटतो. धोक्याची चाहूल लागताच पहाऱ्यावरच्या मॅक्रोफेज पेशी सायटोकाइन ही निरोप देणारी रसायनं सोडतात. ती हाक ऐकून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात. तिथल्या केशवाहिन्या त्यांच्याहून अरुंद, त्यामुळे एरवीही त्यांना अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. चेतवलेली पेशी तर ताठरते आणि तिथेच अडकते. मग तिच्यातली जंतू मारणारी रसायनं आपलाच पडदा कुरतडतात. प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात झिरपतं, त्यांना उघडं ठेवणारा सर्फॅक्टंट निकामी होतो, एक्स-रे पांढरा दिसतो. यालाच डॉक्टर 'एआरडीएस' म्हणतात. १९६७ साली १२ रुग्णांवरून त्याचं पहिलं वर्णन झालं. जंतू फुप्फुसातच हवा असंही नाही. स्वादुपिंडाला सूज आली तरी हे घडतं.

एखादंच सायटोकाइन अडवून हा वणवा सहसा आटोक्यात येत नाही. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टेरॉइडने मोठा आधार दिला. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २००० सालचं संशोधन: व्हेंटिलेटरची प्रत्येक फुंकर उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर केली, आणि मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. जास्त ताणलेला वायुकोश स्वतःच दाह वाढवतो.

मामाला रोज सोळा तास पालथं झोपवायचे. त्याने पाठीकडचे मिटलेले वायुकोश उघडतात. पाच जण लागायचे. एक जण फक्त तोंडातली नळी धरून. पहिल्यांदा पालथं केलं तेव्हा मामी काचेपलीकडून मॉनिटरकडे बघत होती. रक्तातल्या ऑक्सिजनचा ८६ टक्क्यांचा आकडा तासाभरात ९३ झाला.