डिमेन्शियातल्या 'शांत करणाऱ्या' गोळ्या आणि २००५ चा इशारा : पार्श्वभूमी

डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) पेशंट रात्रभर येरझाऱ्या घालतोय, अंघोळीला नेलं की अंगावर धावून येतोय, घरात चोर शिरलेत म्हणून ओरडतोय, असं सुरू झालं की कधी ना कधी रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलॅन्झापिन किंवा जुनं हॅलोपेरिडॉल यातलं काहीतरी चिठ्ठीवर येतं. अमेरिकेत या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात सुरुवातीलाच काळ्या चौकटीत छापलेलं असतं की डिमेन्शिया असलेल्या वयस्कर पेशंटमध्ये यांनी मृत्यूचा धोका वाढतो. हा इशारा एका दिवसात आला नाही, तुकड्यातुकड्यानं आला, आणि मधल्या काळात जो घोळ झाला तो घरी सांभाळणाऱ्यांपर्यंत फारसा कधी पोचलाच नाही.

ही औषधं मुळात स्किझोफ्रेनियासाठीची. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आलं, मागोमाग हॅलोपेरिडॉल, आणि वृद्धांना ठेवणाऱ्या संस्थांमध्ये ती भराभर पसरली, कारण माणसं कमी आणि पेशंट जास्त. थायोरिडाझिन तर म्हाताऱ्या माणसांना झेपणारं म्हणून वर्षानुवर्षं दिलं गेलं, त्यानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते हे पक्कं झाल्यावर शेवटी २००५ मध्ये मूळ कंपनीनं ते जगभर बंद केलं. त्याआधी १९८७ च्या अमेरिकन कायद्यानं नर्सिंग होमना बजावलं होतं की स्टाफच्या सोयीसाठी औषधानं कुणाला गुंगवून ठेवायचं नाही.

१९९० च्या दशकात नवी पिढी आली. हातपाय ताठरणं, थरथर कमी, म्हणून डॉक्टरही खूश आणि घरचेही, आणि अमेरिकेत यातल्या एकाही औषधाला डिमेन्शियासाठी मंजुरी नसताना सर्रास वापर सुरू झाला. मग २००२ मध्ये कॅनडातून रिस्पेरिडोन आणि स्ट्रोकबद्दल पहिला इशारा आला, २००३ मध्ये अमेरिकेतून, आणि मार्च २००४ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञ समितीनं स्पष्टच सांगितलं की डिमेन्शियातल्या वागणुकीच्या त्रासासाठी रिस्पेरिडोन आणि ओलॅन्झापिन वापरू नका.

आता तो एप्रिल २००५ चा निर्णय. अमेरिकन नियामकानं १७ ट्रायल्स एकत्र तपासल्या, बहुतेक साधारण १० आठवड्यांच्या. खरं औषध घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ४.५ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत सुमारे २.६ टक्के. मृत्यूची कारणं बहुतेक हृदयाची किंवा न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनची. काळी चौकट लागली, पण फक्त नव्या औषधांवर. जुन्यांच्या अशा ट्रायल्स पुरेशा नव्हत्याच, मग पुराव्याशिवाय इशारा कसा द्यायचा, असा युक्तिवाद होता. तो समजतो, पण पुरावा नसणं म्हणजे औषध सेफ असणं नव्हे, आणि नव्यावर चौकट अन् जुन्यावर काहीच नाही म्हटल्यावर हॅलोपेरिडॉल बरं असा अर्थ कुणीही काढला असता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जवळपास २३ हजार वृद्धांच्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला, त्यात पहिल्या १८० दिवसांत जुनी औषधं घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नव्यांच्या तुलनेत ३७ टक्के जास्त निघाला. तरी चौकट जुन्या औषधांवर यायला जून २००८ उजाडला. अडीच वर्षं. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही, पण एवढा उशीर व्हायला नको होता.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. वरच्या आकड्यांचा सरळ हिशोब म्हणजे त्या दहाएक आठवड्यांत शंभरात साधारण दोन मृत्यू जास्त, आणि समोर दिवसरात्र घाबरलेला, मारहाण करणारा पेशंट आणि त्याच्यामागे झोपेविना पिचलेली बायको किंवा मुलगी, तर काही डॉक्टर म्हणायचे की नका देऊ एवढंच सांगता, मग द्यायचं काय? इशाऱ्यासोबत जादा माणसं, ट्रेनिंग, दिवसभर सांभाळायची सोय यातलं काहीच आलं नव्हतं. म्हणूनच युरोपात पुढे रिस्पेरिडोनला मर्यादित परवानगी मिळाली, अल्झायमरमधल्या सततच्या आक्रमकपणासाठी, बाकी उपाय थकल्यावर, आणि तीही जास्तीत जास्त ६ आठवडे.

खरी मेख या ६ आठवड्यांत आहे, कारण गोळी सुरू करणारे डॉक्टर एक, पुढे रिपीट लिहिणारे दुसरे, आणि बंद कधी करायची हे कुणीच लिहीत नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या ट्रायलचे लांबचे रिझल्ट आले, १६५ पेशंट, सगळे आधीपासून ही औषधं घेणारे, निम्म्यांची चालू ठेवली, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. दोन वर्षांनी औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ७१ टक्के. त्याच वर्षी सरकारी अहवालात अंदाज आला की ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ८० हजार डिमेन्शिया पेशंट ही औषधं घेतायत, फायदा साधारण ३६ हजारांना, आणि वर्षाला जादा मृत्यू १८००. २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत मग मुदती आल्या: ४ आठवडे पुरेसा डोस देऊन फरक नसेल तर हळूहळू बंद करा, फरक असला तरी ४ महिन्यांच्या आत कमी करून बघा. एकदम तोडायचं मात्र नाही.

लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या एका प्रकाराची गोष्ट याहून गंभीर. या पेशंटना अशा औषधांच्या लहान डोसनंही अंग लाकडासारखं ताठरणं, शुद्ध हरपणं असं होऊ शकतं, हे १९९२ पासून माहीत आहे, तरी इमर्जन्सीत हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं जातं कारण निदानाचा कागद सोबत नसतो. आणि सगळा त्रास याच गोळ्यांचा असतो असंही नाही. डोनेपेझिल या स्मरणशक्तीसाठीच्या गोळीनं लघवीची घाई होऊ शकते, ती नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन हे लघवीच्या घाईवरचं औषध दिलं जातं, आणि ते डोनेपेझिलच्या बरोबर उलट काम करून गोंधळ वाढवतं, मग त्या गोंधळावर पुन्हा शांत करणारी गोळी. एका औषधाच्या साइड इफेक्टवर दुसरं औषध, ही साखळी १९९० च्या दशकातच लेखांमधून मांडली गेली होती.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत अल्झायमरमधल्या अस्वस्थपणासाठी पहिल्यांदाच एका औषधाला रीतसर मंजुरी मिळाली, ब्रेक्सपिप्रॅझोल, त्याच जातीतलं. समर्थकांचं म्हणणं, निदान यात डोस आणि ट्रायल्स तरी आहेत. विरोधकांचं म्हणणं, फायदा बेताचा आणि धोका तोच. त्याच्या मुख्य ट्रायल्स १२ आठवड्यांच्या होत्या. काळी चौकट तशीच ठेवलेली आहे, आणि लेबलवर हेही लिहिलंय की वाईट रात्री लागेल तशी एखादी गोळी द्यायची म्हणून हे औषध नाही.