पार्श्वभूमी: अमेरिकन बारमधली 'क्राफ्ट' बिअर नेमकी कुणाची?

शिकागोत बेलमाँट आणि साउथपोर्ट हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या कोपऱ्यावर शुबाज नावाचा बार आहे. आत लाइव्ह म्युझिक असतं, वीकेंडला गर्दी असते, बहुतेक लोक सरळ दारातून आत जातात आणि वर कोणी बघत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्र उशिरा येणार होता म्हणून समोरच्या फुटपाथवर उभा होतो, तेव्हा दिसलं की विटांच्या भिंतीत पृथ्वीचा एक गोल बसवलाय, त्याला कमरपट्ट्यासारखा पट्टा, आणि पट्ट्यावर नाव 'श्लिट्झ'. मला आधी वाटलं जुनी जाहिरात असेल. पण ती जाहिरात नाही, मालकीची खूण आहे. १९०३ च्या सुमाराची ही इमारत मिलवॉकीच्या त्या बिअर कंपनीने स्वतः बांधली होती आणि आत फक्त स्वतःचीच बिअर विकायची अशी व्यवस्था होती.

आज अमेरिकेत बारमध्ये बसून कोणती बिअर खरी क्राफ्ट (म्हणजे लहान, स्वतंत्र कारखान्याची) आणि कोणती खोटी यावर जे वाद चालतात, त्यांचं मूळ या गोलात आहे असं माझं मत आहे. वाद चवीचा आहे असं वरवर वाटतं, पण खरा वाद बारमधला बिअरचा नळ कोणाच्या मालकीचा हा आहे.

तर अशा बारना तिकडे 'टाइड हाउस' म्हणायचे, म्हणजे कंपनीशी बांधलेलं दुकान. हे एवढे वाढले कसे याचं कारण गमतीशीर आहे. १८८३ मध्ये इलिनॉय राज्याने सलूनच्या लायसनची फी किमान ५०० डॉलर केली, हेतू हा की सलून कमी व्हावेत. झालं उलटंच. छोट्या मालकाकडे एवढे पैसे कुठून येणार, तो गेला बिअर कंपनीकडे, कंपनीने फी भरली, काउंटर दिलं, आरसे दिले, बर्फाची पेटी दिली, आणि बदल्यात एकच अट, बिअर आमचीच. एकाच चौकात तीन कंपन्यांची तीन सलून, मग गिऱ्हाईक ओढायला खारट खाणं फुकट आणि पाच सेंटला ग्लास. पुढे १९०६ मध्ये शिकागोने फी १००० डॉलर केली आणि जे काही स्वतंत्र उरले होते तेही कंपन्यांशी बांधले गेले.

(आपल्याकडे सलून म्हटलं की न्हावी डोळ्यासमोर येतो, इथे तो घोळ करू नका.)

१९२० ते १९३३ ची दारूबंदी सगळ्यांना माहिती आहे, गँगस्टरचे सिनेमे बघून तर जरा जास्तच, त्यामुळे ते सोडून देतो. फक्त एवढंच, की त्या काळात मोठ्या ब्रुअऱ्या (बिअर बनवणारे कारखाने) जगल्या त्या भलत्याच धंद्यांवर. कुणी आइस्क्रीम काढलं, कुणी चीज, कुणी यीस्ट, कुणी चिनीमातीची भांडी. छोट्यांना तेवढं जमलं नाही आणि ते संपले.

महत्त्वाचं आहे ते १९३३ मध्ये दारूबंदी उठवताना काय ठरलं ते. दारू परत आणायची पण सलून परत आणायचं नाही, अशी सगळ्या राजकारण्यांची भाषा होती. म्हणून बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्या केल्या: बनवणारा वेगळा, घाऊक वितरक वेगळा, ग्लासात ओतणारा वेगळा, आणि एकाने दुसऱ्याच्या धंद्यात मालकी ठेवायची नाही. 'सलून' हा शब्दच इतका बदनाम झाला होता की काही ठिकाणी तो पाटीवर लिहायलाही बंदी होती. न्यूयॉर्कमध्ये लिंकन सेंटरजवळ साठच्या दशकात एकाने पाटी रंगवल्यावर त्याला हा जुना नियम कळला, तर त्याने फक्त पहिलं अक्षर बदललं आणि सलूनचं 'बलून' करून टाकलं. आपल्याकडे 'परमिट रूम' हा सरकारी शब्द कसा पाटीवर चिकटून बसलाय, तसंच पण उलट्या दिशेने.

जुनी सलून लोकशाहीची मंदिरं होती वगैरे जे लिहिलं जातं त्यावर मात्र माझा विश्वास नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधलं मॅक्सॉर्लीज बघा, पाटीवर १८५४ लिहिलंय (त्या सालावरही इतिहासवाल्यांचे वाद आहेत), आणि तिथे बाईला आत पाऊल टाकायला १९७० उजाडावं लागलं, तेही कोर्टकचेरी झाल्यावर.

असो. तीन पायऱ्यांनी कंपनीच्या मालकीचे बार गेले हे खरं, पण एक वेगळाच परिणाम झाला. बनवणारा थेट विकू शकत नाही म्हटल्यावर ज्याच्याकडे देशभर वितरकांचं जाळं तोच टिकणार. लहान ब्रुअरीला वितरक दारात उभं करायचा नाही. १८७३ मध्ये अमेरिकेत चार हजारांवर ब्रुअऱ्या होत्या, सत्तरचं दशक संपेपर्यंत त्या शंभराच्याही आत आल्या. आणि सगळ्यांची बिअर साधारण एकाच चवीची, फिकी, थंडगार, कॅनमधली.

आता इथून पुढे जो भाग येतो तो मला जास्त माहितीचा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

सॅन फ्रान्सिस्कोत अँकर नावाची १८९६ पासूनची ब्रुअरी होती, १९६५ मध्ये बंद पडायच्या बेतात. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या घराण्यातल्या एका तरुणाने तिचे ५१ टक्के शेअर किरकोळ किमतीत घेतले कारण त्याला तिथली बिअर आवडायची, बस. १९७६ मध्ये सोनोमात नौदलातून आलेल्या एकाने न्यू अल्बियन नावाने जवळजवळ भंगारातून ब्रुअरी उभी केली. ती १९८२ मध्ये बुडाली, पण बघून गेलेल्यांनी आपापल्या गावात सुरू केली. चिको गावात १९८० मध्ये डेअरीची जुनी भांडी आणून सिएरा नेवाडा सुरू झाली आणि त्यांच्या पेल एल या बिअरमधला कॅस्केड हॉप्सचा (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तो संत्र्या-मोसंब्याच्या सालीसारखा वास पुढे अख्ख्या अमेरिकन बिअरची ओळख होऊन बसला. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, तिच्यातही हेच हॉप्स गेले. त्यातला 'इंडिया' म्हणजे आपणच बरं का, इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजातून यायची ती बिअर, अमेरिकेने फक्त नाव ठेवलं आणि चव पार बदलली.

याच काळात दोन सरकारी गोष्टी झाल्या. एक म्हणजे घरी बिअर बनवणं. १९३३ नंतर घरी वाइन बनवायला परवानगी मिळाली पण बिअर कायद्यात राहूनच गेली, आणि ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल लागलं. मग दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत परवानगी मिळाली. नंतरच्या कित्येक ब्रुअऱ्यांचे मालक हे असे गॅरेजमध्ये पातेली चढवून शिकलेले लोक आहेत. (तरी अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी २०१३ पर्यंत अडवून धरलं.)

दुसरी गोष्ट रुक्ष आहे पण तीच लक्षात ठेवा. १९७६ मध्ये छोट्या ब्रुअऱ्यांना करात सवलत मिळाली. बॅरलमागे ९ डॉलर कर होता, तो पहिल्या ६० हजार बॅरलना ७ डॉलर झाला. एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर. आणि छोटी म्हणजे कोण, तर वर्षाला २० लाख बॅरलपेक्षा कमी बनवणारी. हा २० लाखांचा आकडा कराच्या सोयीसाठी काढलेला होता, त्याचा चवीशी, कलेशी, हाताच्या कामाशी काहीएक संबंध नव्हता.

बारच्या बाजूने बदल सुरू झाला तो १९८२ मध्ये. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या हॉप्सच्या गावात दारूबंदीनंतरचं पहिलं ब्रूपब निघालं, म्हणजे मागे बनवा आणि पुढे ओता. बघा, १९३३ मध्ये जे मुद्दाम तोडलं होतं तेच परत जोडलं गेलं, फक्त यावेळी बनवणारा लहान होता म्हणून राज्यांनी एकेक करून अपवाद केले. डेन्व्हरमध्ये १९८८ ला तेलकंपनीतली नोकरी गेलेल्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने साथीदारांबरोबर उजाड गोदामांच्या भागात विनकूप सुरू केलं, आज तो भाग परवडत नाही आणि तो माणूस पुढे महापौर, गव्हर्नर आणि सिनेटर झाला. टेक्सासमध्ये तर ब्रुअरीत बसून पिऊ शकता पण तिथून सिक्स-पॅक घरी नेऊ शकत नाही असा प्रकार २०१९ पर्यंत चालू होता.

आता 'क्राफ्ट'. हा शब्द कायद्यात कुठेही नाही. अमेरिकन सरकारने त्याची व्याख्याच केलेली नाही, कोणीही लेबलवर छापू शकतो. व्याख्या केली ती छोट्या ब्रुअऱ्यांच्या संघटनेने, २००५ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र आल्यानंतर. तीन अटी होत्या: लहान, स्वतंत्र, पारंपरिक. लहान म्हणजे २० लाख बॅरलच्या आत (तोच कराचा आकडा उचलला), स्वतंत्र म्हणजे क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांहून कमी, आणि पारंपरिक म्हणजे थोडक्यात शुद्ध माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर, त्यात मका-तांदूळ घालून स्वस्त केलेली नको.

ऐकायला छान आहे. पुढे काय झालं ते बघा.

बोस्टनची एक नामांकित ब्रुअरी, संघटनेतली सगळ्यात मोठी, ती २० लाखांच्या जवळ पोचली. नियमाप्रमाणे ती बाहेर जायला हवी होती. २०११ मध्ये आकडाच ६० लाख झाला. कारण सांगितलं गेलं की काळ बदललाय, मोठ्या कंपन्या आणखी अवाढव्य झाल्यात, त्यांच्यापुढे हे लहानच. पटण्यासारखं आहे थोडं, पण ६० लाख बॅरल म्हणजे ७० कोटी लिटर होतात हो, याला लहान म्हणायला जीभ अडखळते.

मग २०१२ च्या डिसेंबरमध्ये संघटनेने बड्या कंपन्यांच्या लबाड ब्रँडविरुद्ध मोहीम काढली आणि सोबत 'क्राफ्ट नसलेल्यां'ची एक यादी दिली. त्या यादीत मिनेसोटातल्या न्यू उल्म गावची शेल ब्रुअरी होती. १८६० पासून एकाच जर्मन कुटुंबाची, आकाराने चिमुकली, गुन्हा एकच, बिअरमध्ये मका. त्यांनी जाहीर पत्र लिहिलं आणि ते चांगलंच झोंबलं. त्यांचं म्हणणं असं की आमच्या खापरपणजोबांना अमेरिकेत जे कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेलं जव मिळालं त्यात प्रथिनं जास्त होती, बिअर गढूळ आणि जड व्हायची, म्हणून त्यांनी इथला मका वापरला, ती काटकसर नव्हती, ती आमची परंपरा आहे. आणि १८२९ पासूनच्या पेनसिल्व्हेनियातल्या युएंगलिंगलाही याच कारणाने बाहेर ठेवलं होतं. म्हणजे देशातली सगळ्यात जुनी ब्रुअरी पारंपरिक नाही! २०१४ मध्ये मक्याची अट गेली, आणि युएंगलिंग रातोरात यादीतली सगळ्यात मोठी क्राफ्ट ब्रुअरी झाली.

तेवढ्यावर थांबलं नाही. बोस्टनवाल्यांची विक्री बिअरकडून चहाच्या अल्कोहोलिक ड्रिंककडे, सायडरकडे (सफरचंदाची दारू) आणि सेल्ट्झरकडे (दारू घातलेलं फसफसतं पाणी) सरकायला लागली, निम्म्याहून जास्त माल बिअर असावा ही अट अडचणीची झाली, तर २०१८ च्या शेवटी 'पारंपरिक' ही अटच काढून टाकली. आता परवाना असावा आणि बिअर बनवत असावा, एवढंच. संघटनेची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही, सगळ्यात मोठा सभासद गेला की आकडे पडतात, वर्गणी जाते, वॉशिंग्टनमध्ये वजन कमी होतं. पण मग नावाला उरलेली 'लहान' ही अट सोडली तर राहिलं काय, 'स्वतंत्र' ही एकच अट, म्हणजे फिरून मालकीच. २०१७ पासून बाटल्यांवर उलट्या बाटलीचा जो शिक्का दिसतो तो याचाच.

आणि नेमकी तीच अट एकेक जण ओलांडत गेला. २०११ मध्ये शिकागोची गूज आयलंड जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली. २०१५ मध्ये सॅन डिएगोची बॅलास्ट पॉइंट तब्बल १०० कोटी डॉलरला गेली, आणि चारच वर्षांत त्या खरेदीदाराने ती इलिनॉयमधल्या कुणी नाव न ऐकलेल्या टीचभर ब्रुअरीला विकून टाकली. अँकर २०१७ मध्ये जपानी कंपनीकडे गेली, २०२३ च्या जुलैमध्ये बंद करायची घोषणा झाली, पुढच्या वर्षी दह्याच्या धंद्यातल्या एका अब्जाधीशाने घेतली. दरम्यान ब्रुअऱ्यांची संख्या नऊ हजारांपलीकडे गेली होती, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्यांपेक्षा बंद झालेल्या जास्त निघाल्या. तरुण पोरं कमी पितायत म्हणतात, भाडी वाढलीत, कॅनचं अ‍ॅल्युमिनियम महागलं, कारणं बरीच आहेत.

गिऱ्हाईकाला यातलं फारसं काही दिसत नाही. फळ्यावर खडूने वीस नावं असतात, गावांची, डोंगरांची, कुत्र्यांची, आणि त्यातली काही शेवटी एकाच कंपनीच्या हिशोबात जातात. ब्लू मून ही बड्या कंपनीची बिअर क्राफ्ट म्हणून विकून फसवलं अशी एका माणसाने कॅलिफोर्नियात केसही केली होती, ती फेटाळली गेली. गंमत म्हणजे ब्लू मून सुरू झाली होती डेन्व्हरच्या बेसबॉल स्टेडियममधल्या एका छोट्या ब्रुअरीतच, फक्त स्टेडियमवर नाव होतं कूर्स या बड्या बिअर कंपनीचं.

शिकागो शहराने श्लिट्झची ती गोलवाली जुनी घरं वारसा वास्तू म्हणून संरक्षित करायला घेतली, त्यातली बरीचशी २०११ च्या सुमारास यादीत आली. म्हणजे ज्या वर्षी गूज आयलंड विकली गेली जवळजवळ त्याच वर्षी. त्या रात्री मित्र शेवटी अर्ध्या तासाने आला, आम्ही आत गेलो, मी बारटेंडरला विचारलं की यातल्या लोकल कुठल्या. त्याने तीन नळ दाखवले आणि चौथ्यावर बोट नेऊन म्हणाला, ही होती.