स्वतंत्र गुंतवणूक संशोधन सेवा

शेअर दलाली किंवा भागविक्रीचे काम न करता, मुख्यतः वर्गणीदारांच्या पैशावर कंपन्यांचे विश्लेषण पुरवणारी सेवा. अहवालाचे पैसे कोण मोजतो, यावर तिचे स्वातंत्र्य ठरते. ब्रोकरचा अहवाल ग्राहकाला फुकट मिळतो, पण त्याचा खर्च दलालीतूनच वसूल होतो. साहजिकच ‘खरेदी करा’ अशा शिफारशी उदंड आणि ‘विका’ अशा मोजक्या.

या व्यवसायातील जुने नाव व्हॅल्यू लाइन. आर्नल्ड बर्नहार्ड यांनी १९३१ साली, महामंदीच्या काळात, ती न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. कंपनीमागे एक पान, त्यावर अनेक वर्षांचे आकडे आणि शेअरला १ (सर्वांत चांगला) ते ५ असा क्रम, ही तिची मांडणी. वॉल स्ट्रीटचे काही विश्लेषक खासगीत नावे ठेवलेल्या शेअरांचीच जाहीर शिफारस करत होते, हे इंटरनेट शेअरांची तेजी ओसरल्यावर झालेल्या चौकशीत उघड झाले. नियामकांशी झालेल्या २००३ च्या तडजोडीत दहा वित्तसंस्थांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, त्यांपैकी ४३.२५ कोटी डॉलर ग्राहकांना स्वतंत्र संशोधन पुरवण्यासाठी राखले गेले.

भारतात सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची संशोधन विश्लेषक नियमावली १ डिसेंबर २०१४ पासून लागू झाली. तिच्यानुसार अहवाल प्रसिद्ध होण्याआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस विश्लेषकाला त्या शेअरमध्ये स्वतः व्यवहार करता येत नाही. कंपनीत १ टक्का किंवा अधिक मालकी असल्यास ती जाहीर करावी लागते.

दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने लक्ष्यकिंमतीपेक्षा (शेअर कुठवर जाईल या अंदाजापेक्षा) तिच्यामागची गृहीतके वाचावीत. नफा वाढतो आहे, पण रोख हाती येते का? उधारी किती दिवसांनी वसूल होते? प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकले आहेत का? शिफारस चुकल्यावर सेवा तसे लिहिते की तो शेअर यादीतून गुपचूप गाळते, हेही जुने अहवाल चाळल्यास कळते. वर्गणीचाही एक दबाव असतोच: दरमहा पैसे भरणाऱ्याला दरमहा नवा शेअर हवा असतो, आणि ‘यंदा काहीच घेऊ नका’ असे सांगणारी सेवा त्याला महाग वाटते.

विश्लेषकाची सेबीकडील नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे. तशी हमी देण्यास मनाईच आहे. नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. टेलिग्रामवर टिप्स विकणारे काहीजण दुसऱ्याचाच क्रमांक छापतात, म्हणून क्रमांकासोबत नावही जुळवून पाहावे.