पुन्हा प्यायला म्हणजे इच्छाशक्ती कमी पडली?

"मनात असतं तर सुटली असती." दारू सोडलेला माणूस पुन्हा प्यायला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चुकीचं आहे आणि घातकही.

दारू सोडल्यावर होणारा हातांचा थरकाप, घाम असा शरीराचा त्रास बहुधा आठवडाभरात ओसरतो. तल्लफ मात्र महिनोन्‌महिने टिकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी पुन्हा पिण्यामागची कारणं तपासली, तेव्हा तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: उदासी किंवा चीड, जवळच्यांशी भांडण आणि सोबतच्यांचा आग्रह. कधी संध्याकाळची ठरलेली वेळ, ग्लासांचा आवाज एवढंही पुरतं.

पहिल्या घोटानंतरचा धोका तर फार मोठा. "सगळं संपलंच, आता काय!" या अपराधी भावनेनेच अनेकजण पुढची बाटली उघडतात. त्यात घरच्यांनी टोमणे मारले की माणूस लपवू लागतो, मदत मागणं थांबवतो. म्हणून कुठे, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत प्यायला हे शांतपणे विचारा आणि लगेच समुपदेशकाला गाठा. रोजचं भरपूर पिणं पुन्हा सुरू झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.