दूध कमी पडून झालेली कावीळ आणि दुधामुळे रेंगाळलेली कावीळ

‘बाळाला दुधामुळे कावीळ झालीय’ असं कानावर पडलं की आईला पहिली धास्ती वाटते ती अंगावरचं दूध तोडावं लागेल की काय याची. तसं करू नका. पण या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि त्यांतल्या एकीत वेळ दवडून चालत नाही.

पहिली दिसते पहिल्याच आठवड्यात, बहुधा २ ते ५ दिवसांच्या बाळात. दूध चांगलंच असतं, ते पोटात पुरेसं जात नसतं. तांबड्या पेशी फुटून तयार होणारं बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारं द्रव्य, बाळाचं कोवळं यकृत सावकाश निपटतं, आणि मग ते मुख्यतः शीवाटे बाहेर पडतं. दूध कमी तर शी कमी, आणि आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. म्हणून कातडीच्या रंगाइतकंच लंगोटाकडे बघा. पाचव्या दिवशीही शी काळी-चिकट, शू दिवसात ६ पेक्षा कमी वेळा, वजन जन्मापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरलेलं. बाळ बराच वेळ छातीशी असतं, पण गिळल्याचा आवाज येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, बाळाची स्तनावरची पकड तपासून घ्या आणि २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा, झोपलं असेल तर उठवून. वरचं पाणी नको, त्याने कावीळ उतरत नाही आणि पोटातली दुधाची जागा जाते.

दुसरी पहिला आठवडा सरताना जाणवते आणि कधी १२ आठवडेही टिकते. बाळ पोटभर पितं, वजन धरतं, शी पिवळी असते. पाजत राहायचं, एवढंच.

मात्र हे निदान घरी ठरवायचं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांपुढे गेली तर डायरेक्ट बिलिरुबिनची (यकृताने प्रक्रिया केलेल्या बिलिरुबिनची) रक्ततपासणी हवीच. शी पांढरट किंवा मातकट आणि शू गडद असेल तर पित्तनलिका (यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी) बंद असण्याची शंका असते, आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या २ महिन्यांत झाली तर जास्त उपयोगी पडते.

जन्मानंतर २४ तासांच्या आत आलेला पिवळेपणा या दोन्हींत बसत नाही. तो, किंवा सुस्त पडलेलं, दूध न ओढणारं, किंचाळत रडणारं बाळ दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. फोटोथेरपीची, म्हणजे निळ्या दिव्याखाली ठेवण्याच्या उपचाराची, गरज लागलीच तर कोवळं ऊन तिची जागा घेऊ शकत नाही. आणि त्या निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळालाही मधेमधे बाहेर काढून अंगावर पाजता येतं.