यादीत कामाबरोबर वेळ आणि जागाही लिहा

मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कामं एकदम डोकं वर काढतात. कूलर गच्चीवरून उतरवायचा, त्याच्या गवती ताट्या बदलायच्या, मुलांची फी भरायची, बर्डीवरची, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातली खरेदी उरकायची. पुढे पारा ४५ अंशांकडे सरकला की भर दुपारी बाहेरचं काम होत नाही. दिवसातले कामाचे तास घटतात, कामं मात्र तेवढीच राहतात. अशा वेळी ‘सगळं माझ्या डोक्यात आहे’ यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

एका वेळी आपण मनात धरू शकतो अशा गोष्टी फार थोड्या असतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास मांडला. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. पुढे करायच्या कामांची अडचण तर आणखी वेगळी आहे. परीक्षेत प्रश्न समोर असतो, म्हणून उत्तर आठवतं. ‘येताना औषध आणायचं’ हे मात्र कोणी न विचारता, नेमकं दुकानाजवळूनच जाताना आठवावं लागतं. घरी पोहोचल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

अर्धवट काम मनात घोळत राहतं, हा सगळ्यांचाच अनुभव. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी आढळला नाही. मला अधिक मोलाचं वाटतं ते मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचं २०११ चं संशोधन. अपुऱ्या उद्दिष्टाची आठवण करून दिलेल्या लोकांचं पुढच्या वाचनात लक्ष लागेना. पण ते उद्दिष्ट कसं आणि कधी पुरं करायचं याची नेमकी योजना ज्यांनी आखली, त्यांचा हा त्रास जवळपास नाहीसा झाला. उद्दिष्ट तर अजून अपुरंच होतं! मन शांत व्हायला काम संपावंच लागतं असं नाही, त्याची सोय लागली तरी पुरतं.

म्हणून नुसतं ‘चष्मा’ असं लिहिलेली यादी फारशी कामाची नाही. ‘बुधवारी ऑफिसातून परतताना सीताबर्डीला मेट्रोतून उतरलो, की आधी चष्म्याच्या दुकानात जाईन’ असं लिहा. ‘अमुक झालं की तमुक करीन’ या रचनेवर पीटर गोलविट्झर यांनी बरीच वर्षं काम केलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उद्दिष्ट गाठण्यात तिचा चांगलाच फायदा दिसला. कारण साधं आहे. आठवण करून द्यायचं काम आपण त्या जागेवर आणि त्या क्षणावर सोपवतो. मेट्रोचं दार उघडलं की दुकान आठवतं.

वही की मोबाइल, याचा घोळ घालू नका. जे रोज हाताशी असतं ते घ्या, पण सगळं एकाच ठिकाणी लिहा. लिहायला रात्रीची वेळ चांगली. २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग ५७ जणांचा, म्हणजे लहान होता. तरी यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर, हे त्यातलं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं.

एक खाचखळगा मात्र यादीनेही जात नाही. कामाला लागणारा वेळ आपण कमीच धरतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवायला सरासरी ३४ दिवस लागतील असा अंदाज दिला, प्रत्यक्षात ५५ लागले. इथे मनातल्या अंदाजापेक्षा मागचा अनुभव भरवशाचा. अ‍ॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढताना गेल्या वर्षी सेतू केंद्रात तीन फेऱ्या झाल्या असतील, तर यंदाही तीनच धरा आणि तिन्हींचे दिवस आजच यादीत लिहा.