व्हिडिओ अडकला तरी क्वालिटी कमी करू नका

आमच्याकडून घरचा मीडिया सर्व्हर (तुमचे व्हिडिओ साठवून घरातल्या टीव्हींवर पाठवणारा बॉक्स) बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी

रविवारी संध्याकाळी येणारे आमचे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: “कालपर्यंत छान चालत होतं, आज नुसतं चाक फिरतंय.” आम्ही येतो, टीव्हीवरच्या ॲपमध्ये गिअरची खूण दाबतो, आणि तिथे क्वालिटी 480 किंवा 720 वर ठेवलेली सापडते. ती परत वर नेली की दोन मिनिटांत काम होतं. येण्याजाण्यात मात्र तुमची संध्याकाळ आणि आमचा अर्धा दिवस जातो. म्हणून हे माहितीपत्रक.

ही सवय आपल्याला यूट्यूबने लावली. तिथे व्हिडिओ अडकला की क्वालिटी कमी करायची, लगेच चालू होतो. कारण यूट्यूबकडे प्रत्येक व्हिडिओच्या लहानमोठ्या प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात. तयार कपड्यांच्या दुकानात लहान साईज मागितला की मांडणीतून काढून देतात, तसंच. तुमच्या सर्व्हरवर प्रत्येक फिल्मची एकच प्रत असते. लहान साईज मागितला, तर त्याला मूळ कपडा उसवून तिथल्या तिथे नवा शिवायला बसावं लागतं, तेही तुम्ही बघत असताना, न थांबता. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. मूळ प्रत आहे तशी पाठवणं त्याला सगळ्यात सोपं जातं. तुम्ही दया म्हणून क्वालिटी उतरवता आणि त्याचं काम वाढतं.

कधीकधी क्वालिटी कमी केल्यावर चित्र खरंच चालू होतं, आणि तिथेच फसगत होते. मूळ दोष वायफायचा होता, तो तसाच राहतो. ॲप मात्र तुमची निवड लक्षात ठेवतं. पुढचा प्रत्येक व्हिडिओ त्याच लहान मापात शिवला जातो. लग्नाची फिल्म मोठ्या टीव्हीवर धूसर दिसते, बॉक्सचा पंखा घोंघावतो, आणि दुसऱ्या खोलीत मुलांनी कार्टून लावलं की दोन्ही टीव्ही अडखळतात.

तेव्हा घरात असताना क्वालिटीच्या यादीतला सर्वांत मोठा आकडा निवडा आणि तो तसाच राहू द्या. ‘ऑटो’वरही ठेवू नका, त्याचा अंदाज चुकतो. बाहेरगावी मोबाईल डेटावर बघत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग आड येतो, म्हणून क्वालिटी उतरवणंच बरोबर.

तरीही अडकलं तर

व्हिडिओ चालू ठेवून गिअरमधलं ‘प्लेबॅक इन्फो’ उघडा. ‘डायरेक्ट प्लेइंग’ दिसलं तर सर्व्हर निर्दोष आहे, अडचण वाटेत आहे. टीव्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर 5 वर जोडा. मध्ये दोन भिंती असतील तर केबलच टाकावी लागते. केबल टाकायला आम्ही सुरुवातीलाच सांगतो, तेव्हा बिल वाढवायला सांगतात असं काहींना वाटतं. पण पुढचे सगळे फोन त्या एका केबलने वाचतात, असा आमचा अनुभव आहे.

एक अपवाद सांगायला हवा. राउटर कितीही भारी असला तरी बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट (केबल लावायची जागा) 100 एमबीपीएसचाच, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटचाच असतो. व्हिडिओग्राफरने कॅमेऱ्यातलं 4के चित्रीकरण जसंच्या तसं पेनड्राइव्हवर दिलं असेल, तर त्याचाच वेग 100 एमबीपीएसच्या आसपास असू शकतो. ते केबलवरही अडकणार. अशा फिल्मची टीव्हीसाठी वेगळी, हलकी प्रत आम्ही करून देतो. मूळ फाइलला हात लावत नाही. दर पावतीच्या मागे आहे.

‘ट्रान्सकोडिंग’ दिसलं तर त्याखाली कारण लिहिलेलं असतं. सबटायटल हे कारण असेल, तर ती बहुधा ब्लू-रेवरची, चित्ररूपातली सबटायटल असतात. बऱ्याच टीव्ही ॲपना ती स्वतः दाखवता येत नाहीत, म्हणून सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात. त्याऐवजी सबटायटलची एसआरटी फाइल वापरा, ती साधा मजकूर असल्याने हा भार जातो. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर ॲपला देवनागरी फॉन्ट मिळालेला नाही. प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं आली तर फाइल यूटीएफ-8 मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केलेली नाही. या दोन्ही गोष्टी फोनवर सांगून होतात.

कारण ऑडिओ असेल तर काळजी नको. बरेच टीव्ही डीटीएस या फॉरमॅटमधला आवाज वाजवत नाहीत. तेवढा आवाज बदलून देणं सर्व्हरला जड जात नाही.

“फोनवर चालतं, मग टीव्हीवर का नाही?” हाही नेहमीचा प्रश्न. प्रत्येक उपकरणाला कळणारे फॉरमॅट वेगळे असतात. नव्या फोनचं चित्रीकरण बरेचदा एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये असतं, जुन्या टीव्हीला ते वाचता येत नाही.

आम्ही जेलीफिन का बसवतो

तुमच्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे जेलीफिन; प्लेक्स हे तसंच दुसरं. प्लेक्सचं ॲप दिसायला जास्त नीटनेटकं आहे, हे आम्ही मान्य करतो. पण 29 एप्रिल 2025 पासून स्वतःच्या सर्व्हरवरचे स्वतःचे व्हिडिओ घराबाहेरून बघायलाही प्लेक्स पैसे मागतं. जेलीफिन डिसेंबर 2018 मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरच्या खुल्या कोडमधून वेगळं झालं. ते पूर्ण मोफत आहे, आणि चिपच्या मदतीने होणारं ट्रान्सकोडिंगही त्यात विनामूल्य मिळतं. ते स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे काही टीव्हींवर पुढे-मागे करताना ॲप अडखळतं. म्हणून अँड्रॉइड टीव्हीवर आम्ही सोबत कोडी हे व्हिडिओ प्लेअर ॲप टाकून देतो. त्याला जवळजवळ सगळे फॉरमॅट वाचता येतात. दोन ॲप का, याचं उत्तर हेच.

काही ग्राहक रास्पबेरी पाय 5 हा छोटासा संगणक आणून “यावरच बसवा” म्हणतात. छान यंत्र आहे, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं, म्हणजे नव्या मापात शिवणारं हार्डवेअर नाही, ट्रान्सकोडिंगची वेळ आली की ते दमतं. आमच्या बॉक्समध्ये इंटेलची एन100 चिप आहे, त्यात ती सोय आहे. तुमच्याकडे इंटेलचा जुना लॅपटॉप पडून असेल तर आधी तो दाखवा. चालण्यासारखा असेल तर आम्ही त्यावरच बसवून देऊ, फक्त बसवण्याचे पैसे घेऊ.

फोन करण्याआधी ‘प्लेबॅक इन्फो’च्या स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. नंबर बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर आहे. फोटो बघून बहुतेक वेळा जागेवरच उत्तर देता येतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.